कॅटेगरी लागण्याची भीती

सैन्यात अधिकारी व्हायचे तर सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची पाच दिवसांची मुलाखत पार करावी लागते. तिच्यात एक सत्र मानसशास्त्रज्ञाचे असते. पडद्यावर एकेक धूसर चित्र ३० सेकंद दिसते आणि ४ मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची. अशी ११ चित्रे झाली की बारावी चौकट कोरी येते. तिथे चित्रही आपले आणि गोष्टही आपली. मग दर १५ सेकंदांना एक याप्रमाणे ६० शब्द, आणि अर्ध्या तासात ६० अडचणीचे प्रसंग, ज्यांत तुम्ही काय कराल ते एका ओळीत सांगायचे.

छत्रपती संभाजीनगरला हा प्रकार चांगला ठाऊक आहे. एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, मराठी मुले कमी जातात म्हणून राज्य सरकारने १९७७ मध्ये याच शहरात सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट काढली, आणि पुढे या परीक्षेची तयारी करून घेणारे खासगी क्लासही गावोगाव निघाले. क्लासमधला ठरलेला सल्ला असा, की गोष्टीतला नायक रडत बसलेला नको, हरलेला नको. चित्र कितीही उदास असो, त्याने उठून काहीतरी करून दाखवायला हवे. परीक्षेपुरता हा सल्ला ठीकच असेल. पण फौजेत जाऊ पाहणाऱ्या मुलाची मनाच्या शास्त्राशी पहिली गाठ पडते ती अशी. समोरचा माणूस परीक्षक असतो आणि आपले कच्चे दुवे त्याच्यापासून झाकायचे असतात. वीस वर्षांनी हाच मुलगा कर्नल होऊन मानसोपचारतज्ज्ञासमोर बसला, तर ती सवय बाहेर खुर्चीवर ठेवून थोडीच आत येणार?

जवान होणाऱ्याची वाट निराळी. वैजापूर, कन्नड, सिल्लोड, पैठणच्या रस्त्यांवर पहाटे धावणारी पोरे १६०० मीटरची वेळ मोजत असतात. उंची, छाती, डोळे, कान, गुडघे, सपाट पाऊल यांची चर्चा चहाच्या टपरीवर होते. झोप आणि काळजी यांची होत नाही.

सैन्यातल्या मानसिक आजाराचा विषय निघाला की आपण लगेच जागृतीची भाषा बोलू लागतो. लोकांना कळत नाही, लाज वाटते, ती घालवली पाहिजे वगैरे. त्यात तथ्य आहेच. पण जवान आपला आजार लपवतो त्यामागे अडाणीपणापेक्षा हिशेब जास्त असतो, आणि तो हिशेब बऱ्याचदा बरोबर असतो, असे मला वाटते.

हिशेब समजायला सैन्याची वैद्यकीय वर्गवारी पाहावी लागेल. प्रत्येक सैनिकाची प्रकृती पाच अक्षरांत नोंदवतात. त्या अक्षरांना एकत्र ‘शेप’ म्हणतात. एस म्हणजे मानसिक स्थिती, एच कान, ए हातपाय, पी एकूण शरीर आणि ई डोळे. प्रत्येकाला १ ते ५ असा आकडा. १ म्हणजे कुठेही, कोणत्याही कामाला योग्य; ५ म्हणजे सेवेला कायमचा अयोग्य. सगळीकडे १ असलेला माणूस ‘शेप वन’. एखाद्या अक्षरापुढचा आकडा वाढला की पलटणीत म्हणतात, त्याला कॅटेगरी लागली.

कागदावर एसची कॅटेगरी आणि एची कॅटेगरी सारख्याच. प्रत्यक्षात गुडघ्याची कॅटेगरी लागलेल्या हवालदाराला लोक विचारतात, कुठे पडलास? एसची लागलेल्याला कोणी काही विचारत नाही. त्याच्या कागदावर बहुधा निर्बंध येतात: शस्त्र हाताळू नये, एकट्याने ड्यूटी नको, मद्य वर्ज्य, कोणाच्या तरी देखरेखीखाली राहावे. वैद्यकीयदृष्ट्या ही काळजी योग्य आहे. पण ज्याची ओळखच रायफलशी बांधलेली, त्याच्या हातून ती सगळ्यांदेखत काढून घेतली की आजाराची बातमी वेगळी द्यावी लागत नाही. पुढे बढती, सेवेची दोन वर्षांची मुदतवाढ, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतली नेमणूक, या सगळ्यांत कॅटेगरी पाहिली जाते. ‘यूएन मिशन’च्या पैशातून गावाकडे स्लॅबचे घर झालेले जवान मराठवाड्यात आहेत. झोप लागत नाही म्हणून डॉक्टरकडे जाण्याची किंमत काय असू शकते, हे बाकीच्यांना त्या घरावरून कळते.

आता रेफरलचा कागद. सैनिकाला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवताना एएफएमएसएफ-१० नावाचा फॉर्म लागतो, आणि तो भरून द्यायचा असतो युनिटच्या कमांडरने. माणूस कामात कसा आहे, वागण्यात काय फरक पडला, शिस्तीची काही प्रकरणे आहेत का, पितो का, याचा अहवाल त्यात असतो. डॉक्टरला ही माहिती हवी, यात शंका नाही. मनाच्या आजाराचे निदान रक्त तपासून होत नाही, भोवतालच्या माणसांच्या निरीक्षणावर बरेच अवलंबून असते. पण तुमच्याआमच्यापैकी कोणाला मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे असते तर साहेबाचा लेखी अहवाल घेऊन या, असे कोणी म्हटले असते का? कंपनीतल्या क्लार्कपासून सीओ साहेबांपर्यंत सगळ्यांना कळल्यावरच जिथे उपचार सुरू होतो, तिथे माणूस शेवटच्या टोकाला जाईपर्यंत थांबणारच.

कायद्याचे पानही उलटून पाहू. १९५० च्या आर्मी ॲक्टचे कलम ४६ लांछनास्पद वर्तनाबद्दल आहे, आणि आजाराचे सोंग करणे त्यातच मोडते. दिसेल अशी जखम नसलेल्या माणसाला या कलमाची सावली जास्त जाणवते. मोडलेले हाड एक्स-रेत दिसते, खिन्नता कशात दाखवायची? याच कायद्याचे कलम ६४ आत्महत्येच्या प्रयत्नाला लष्करी गुन्हा मानते. नागरी कायदा दरम्यान पुढे गेला. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला आणि त्याच्या कलम ११५ ने म्हटले, की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे, तिच्यावर भारतीय दंड संहितेखाली खटला चालवू नये. जुलै २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता आली तेव्हा दंड संहितेतले आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुने कलम ३०९ च गळून गेले. पण कलम ११५ चे संरक्षण दंड संहितेपुरतेच लिहिलेले होते. आर्मी ॲक्ट तिथल्या तिथे राहिला. छावणीच्या फाटकाबाहेर जो रुग्ण ठरतो, तो आत आरोपीही ठरू शकतो.

सोंग केल्याचा संशय भारतीय शिपायाच्या वाट्याला पहिल्या महायुद्धातही आला. १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्सच्या खंदकांत हिंदी पलटणींतले अनेक जण हाताला गोळी लागून परत येऊ लागले, आणि हे मुद्दाम करून घेतात, अशी कुजबुज इंग्रज अधिकाऱ्यांत सुरू झाली. ब्रायटनच्या किचनर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी १००० जखमा तपासून अहवाल लिहिला. मुद्दाम करून घेतल्याच्या आरोपाला त्यांना आधार सापडला नाही. खुद्द ब्रिटिश सैन्यातही चित्र फारसे दयाळू नव्हते. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’चे वर्णन केले, एडिनबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स अधिकाऱ्यांवर बोलून-ऐकून उपचार करत होते, कवी सिगफ्रीड ससून १९१७ मध्ये त्यांचे रुग्ण होते. त्याच युद्धात पळून जाणे, भित्रेपणा अशा गुन्ह्यांसाठी गोळ्या घातलेल्या ३०६ ब्रिटिश व साम्राज्यातल्या सैनिकांना माफी मिळायला मात्र २००६ साल उजाडले.

युद्धाने मनाला होते काय? जीवघेण्या प्रसंगात मेंदूची धोक्याची यंत्रणा सगळा ताबा घेते. हृदय धडधडते, स्नायू ताणतात, आठवण तुकड्यातुकड्यांनी नोंदली जाते: वास, आवाज, एखादा चेहरा. बहुतेकांची यंत्रणा काही आठवड्यांत शांत होते. काहींची होत नाही. मग फटाका वाजला की माणूस जमिनीवर झोपतो, रात्री तोच प्रसंग पुन्हा घडतो, लग्नसमारंभातल्या गर्दीत तो भिंतीला पाठ लावून दाराकडे बघत बसतो. व्हिएतनाम युद्धानंतर १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी याला आघातोत्तर ताणविकार, म्हणजे पीटीएसडी, म्हणून अधिकृत यादीत घेतले. हा आजार बरा होतो किंवा पुष्कळ आटोक्यात येतो. आघाताच्या आठवणीला तज्ज्ञाच्या मदतीने, बेताबेताने पुन्हा सामोरे जाण्याच्या उपचारपद्धती आहेत, औषधे आहेत, आणि लवकर सुरुवात केली तर फायदा जास्त. आघाडीजवळच, ताबडतोब आणि ‘तू बरा होऊन परत जाणार आहेस’ या भरवशाने उपचार करावेत, हे सूत्र लष्करी डॉक्टरांनी पहिल्या महायुद्धातच शोधून काढले होते.

पण सिनेमांमुळे आपल्या डोळ्यांसमोर फक्त हाच आजार येतो. भारतीय सैनिकाच्या मनावरचा ताण पुष्कळदा गोळीबारातून येतच नाही. लढाईशिवायही सैनिक खचतो याचा जुना दाखला आपल्याच राज्यात आहे. ब्रिटिश काळात मुदत संपलेले गोरे शिपाई नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत जहाजाची वाट पाहत थांबत. सैनिकांची ने-आण करणारी जहाजे हिवाळ्यातच सुटत. हंगाम चुकला की पुढचे कित्येक महिने काम नाही, ऊन, दारू आणि मलेरिया. तिथे इतके जण बिघडले, की इंग्रज शिपायांच्या बोलीत वेड्याला देवळालीचेच नाव पडले.

आजच्या जवानाची वाट पाहण्याची जागा दुर्गम ठाणे असते आणि बातमी मोबाइलवर येते. सरकारने संसदेत वेळोवेळी दिलेल्या उत्तरांत सैनिकांच्या आत्महत्यांमागची कारणे सांगितली आहेत, ती घरगुती अडचणी, वैवाहिक कलह, पैशाची ओढाताण, ताण अशी. मराठवाड्यात त्याचा अर्थ असा: चुलत्याने बांध कोरला, सातबाऱ्यावर नाव चढत नाही, बोअर आटली, धाकट्याने सोसायटीचे कर्ज काढले, बायको आणि आई यांचे पटत नाही. पूर्वी हे पत्रातून पंधरा दिवसांनी कळायचे. आता व्हिडिओ कॉलवर भांडण चालू असताना कळते, आणि तो तीन हजार किलोमीटरवर बंदूक घेऊन उभा असतो. हे ब्रिटिशांनाही उमगले होते. १९२५ च्या सैनिक दावे कायद्यानुसार, ड्यूटीवर असलेल्या सैनिकाविरुद्धचा दिवाणी दावा त्याच्या माघारी एकतर्फी चालू नये म्हणून थांबवता येतो आणि त्यात जिल्हाधिकाऱ्याची भूमिका असते. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्षही जिल्हाधिकारीच. मानसिक आरोग्याच्या चर्चेत कोणी महसूल खात्याचे नाव घेत नाही. पण तलाठ्याने एक फेरफार वेळेवर नोंदवला तर एखाद्या जवानाची झोप औषधाविना परत येईल, हे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

जुलै २०२२ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीप्रमाणे त्याआधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांतल्या ८१९ जणांनी आत्महत्या केली: लष्करात ६४२, हवाई दलात १४८, नौदलात २९. लष्कराचे मनुष्यबळ सुमारे १२ लाख धरले तर वर्षाला लाखामागे दहा-अकरा असे प्रमाण येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ साठी सगळ्या देशाचे प्रमाण १२.४ दिले आहे. म्हणजे सैन्यातले प्रमाण कमीच, असे म्हणून हात झटकता येतील. पण ही माणसे निवडून, तपासून घेतलेली. पगार, जेवण, डॉक्टर हाताशी. वृद्ध, निराधार, बेरोजगार त्यांच्यात नाहीत. अशा गटाचे प्रमाण देशाच्या जवळ पोचावे, हेच अस्वस्थ करणारे आहे. युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन या लष्करी विषयांवरच्या संस्थेच्या एका अभ्यासात निम्म्याहून अधिक सैनिक तीव्र ताणाखाली असल्याचे म्हटले होते. २०२१ च्या सुरुवातीला त्याच्या बातम्या झाल्या, नमुना फार लहान असल्याचे सांगत लष्कराने तो नाकारला, आणि अभ्यास संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवला गेला. नमुना लहान होता हा आक्षेप मान्य करू. मग मोठा नमुना घेऊन तोच अभ्यास जाहीरपणे करायला हरकत काय आहे?

लपवण्याचा हिशेब फक्त आपल्याकडचा नाही. चार्ल्स होज आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये इराक-अफगाणिस्तानाशी संबंधित अमेरिकी तुकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चाचणीत मानसिक विकाराची लक्षणे स्पष्ट आढळलेल्यांपैकी फक्त २३ ते ४० टक्के जणांनी मदत घेतली होती. लक्षणे आढळलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना ‘मला कमकुवत समजतील’ आणि ‘वरिष्ठ वेगळे वागवतील’ ही भीती होती. जवळपास निम्म्यांना नोकरीचे नुकसान दिसत होते. सर्वांत विचार करायला लावणारी बाब म्हणजे, ज्यांना मदतीची गरज जास्त तेच जास्त घाबरत होते.

मदत न मागणाऱ्याला एक औषध विनाचिठ्ठी मिळते. कॅन्टीनच्या रमला आपल्याकडे प्रतिष्ठा आहे. सुट्टीवर आलेल्या फौजीने बाटली आणली नाही तर मित्र रुसतात. फौजी पितो, यात गावाला काही वावगे दिसत नाही. म्हणून जो ‘मला रात्री झोप येत नाही’ असे म्हणू शकत नाही, तो पिऊन झोपू शकतो आणि कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. दारूने झोप लवकर लागते पण मोडते, खिन्नता वाढते, सकाळी हात थरथरतात. दारूचे अवलंबित्व हे एसची कॅटेगरी लागण्याचे एक नेहमीचे कारण आहे, पण बाटलीखाली दडलेली मूळ तक्रार तोवर दहा वर्षे जुनी झालेली असते.

निवृत्त होऊन किंवा ‘बोर्ड आउट’ होऊन, म्हणजे मेडिकल बोर्डाने अयोग्य ठरवल्यामुळे सेवा सोडून, माणूस गावी येतो तेव्हा हिशेबात आणखी माणसे येतात. बहिणीचे लग्न ठरायचे असते, मुलाला स्थळ यायचे असते. मग ‘डोक्याचा’ डॉक्टर टाळून घरचे बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्याला नेतात, किंवा बाहेरचे काही आहे का ते बघतात. तिथे निदान नाव वहीत चढत नाही. दुसऱ्या बाजूला, सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे. मराठवाड्याच्या माणसाला ‘येरवड्याला नेले’ एवढे शब्द पुरतात आणि त्याच्यावर शिक्का बसतो. वास्तविक बहुसंख्य रुग्णांना तिथे जावेच लागत नाही. घाटीत, म्हणजे शहरातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभागाची बाह्यरुग्ण सेवा आहे. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे, तिचे पॉलिक्लिनिक शहरात आहे आणि तिथून पुढच्या रुग्णालयाकडे रेफरल मिळते.

बोर्ड आउट होण्यातला सर्वांत कडवट भाग पेन्शनचा. जवानाला नेहमीच्या पेन्शनसाठी १५ वर्षे सेवा लागते. त्याआधी आजारामुळे घरी पाठवले तर अपंगत्व पेन्शनसाठी दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: अपंगत्व किमान २० टक्के आहे, आणि आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेने बळावला. पायाला सुरुंग लागला तर वाद नसतो. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात मेडिकल बोर्ड ‘घटनात्मक’, म्हणजे मुळातच प्रकृतीत असलेला, असा शेरा मारून मोकळे होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात तत्त्व सांगितले: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत झाला असे मानावे, उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात, असे आजार भरतीच्या तपासणीत दिसूच शकत नाहीत म्हणून हे गृहीतक आपोआप लागू होत नाही, असे म्हणत पेन्शन नाकारली. मे २०२५ मध्ये मात्र, बोर्डाने कारणे न देता नुसता शेरा मारणे चालणार नाही, असे सांगून स्किझोफ्रेनियामुळेच घरी पाठवलेल्या एका माजी सैनिकाला न्याय दिला. महाराष्ट्रातल्या माणसाने असा दावा लावायचा तो सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे. ज्याचे मन थाऱ्यावर नाही त्याने हे सगळे पाठपुरावे करायचे; प्रत्यक्षात करते त्याची बायको.

सैन्याने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००९ पासून मानसिक आरोग्याचा सर्वंकष कार्यक्रम चालू आहे, समुपदेशक नेमले आहेत, लष्कर आणि हवाई दलाने ‘मानसिक सहायता’ हेल्पलाइन काढली, युनिटमधल्या धर्मशिक्षकांनाही समुपदेशनाचे धडे दिले जातात. या शेवटच्या गोष्टीचे मला विशेष वाटते. पलटणीच्या पंडितजींशी कोणी तासभर बोलत बसला तर कोणाला संशय येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा खास कक्ष सुरू झाला. टेली-मानसचा क्रमांक १४४१६. फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येते, आणि कुठलाही एएफएमएसएफ-१० लागत नाही. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर मदतीची किंमत शून्यावर आणणारा हा दरवाजा आहे. बोलून भागले नाही आणि औषधाची वेळ आली, तर मात्र माणूस पुन्हा कॅटेगरीच्या रस्त्यालाच येतो. सौम्य खिन्नतेवर उपचार घेणाऱ्याला ठरावीक मुदतीपुरते संरक्षण देणे, बरा झाल्यावर बढतीचे नुकसान भरून काढणे, आणि पहिल्या भेटीपुरती तरी कमांडरच्या अहवालाची अट काढणे, या गोष्टी पोस्टरपेक्षा जास्त काम करतील.

चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या अग्निवीरांचा प्रश्न याहून तातडीचा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंजाबच्या एका अग्निवीराचा जम्मू-काश्मीरमध्ये ड्यूटीवर मृत्यू झाला आणि अंत्यसंस्काराला लष्करी मानवंदना मिळाली नाही, म्हणून गदारोळ झाला. लष्कराने स्पष्ट केले, की तो अग्निवीर होता म्हणून असे झाले नाही. स्वतःला केलेल्या इजेने मृत्यू झाल्यास १९६७ च्या आदेशानुसार कोणालाच मानवंदना दिली जात नाही. स्पष्टीकरण नियमाला धरून होते. पण जवळपास साठ वर्षांपूर्वीचा तो नियम आजाराने गेलेल्या माणसाला मानवंदना नाकारतो, हे त्या निमित्ताने गावोगावच्या भरतीच्या पोरांनी वाचले.

२०२२ च्या अखेरीस दाखल झालेल्या पहिल्या अग्निवीरांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. त्यांतले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतील. बाकीचे साधारण २१ ते २७ वर्षांचे तरुण सेवानिधीचे पैसे घेऊन परततील, पण त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि ईसीएचएसही नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची यंत्रणा माजी सैनिकांसाठी उभी आहे. या मुलांची तिथे नोंद ठेवायची का, ठेवली तर कोणत्या अधिकाराने, हे सरकारने ती परतण्याआधी ठरवायला हवे. २०१७ च्या कायद्याने सरकारी मानसोपचार सेवेचा हक्क प्रत्येकाला दिला आहे, तेव्हा घाटीची ओपीडी त्यांना उघडीच आहे. तिथल्या केसपेपरवर ‘पूर्वी सैन्यात होता का’ असा एक रकाना वाढवायला कुठल्याही न्यायालयाचा निकाल लागत नाही.